विदर्भातल्या गावी पोहायला जायचं तर

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विचारतात, इथे पोहायला कुठे जायचं? विचारणं साहजिक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी कूलरची हवासुद्धा गरम लागते, आणि घरापासून चार वावरं ओलांडली की पाण्याने भरलेली विहीर असते. मी याच पाण्यात पोहायला शिकलो. गेली बरीच वर्षं नात्यातल्या पोरांना शिकवतोय. नव्याने येणाऱ्याला जे माहीत असायला हवं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी एक समजून घ्या. इथलं कुठलंच पाणी पोहण्यासाठी साठवलेलं नाही. विहीर ओलितासाठी असते, तलाव धानासाठी आणि मासोळीसाठी, धरण शेतीला आणि गावांना प्यायला. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-डांगराच्या वाड्या, लागतात. म्हणजे प्रत्येक पाण्याला कुणी ना कुणी वाली आहे, आणि त्या पाण्याखाली यंदा काय आहे हे त्यालाच नीट ठाऊक असतं. त्याला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. बाकीच्या सगळ्या सूचना यानंतरच्या.

कधी

पोहण्याचे हंगाम दोन. एक म्हणजे एप्रिल ते मृगाचा पाऊस, दुसरा दिवाळीच्या सुट्टीचा. दिवाळीत विहिरी, तलाव भरलेले असतात, पाणी निवळलेलं असतं, पण खोलीही जास्त असते. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, त्यामुळे विहिरीत उतरणं आणि वर येणं लांबतं. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणून इथली पोरं जूनमध्येही पाण्यात दिसतील. त्यांचं पाहून उतरू नका. पहिल्या पावसाने कच्च्या विहिरींच्या कडा ढासळतात आणि कोरड्या नाल्याला घटकाभरात पूर येतो. जुलै ते सप्टेंबर चिखलदऱ्याचे धबधबे पाहा, पैनगंगेवरचा सहस्रकुंड पाहा, पण काठावरूनच.

दिवसातली वेळ सकाळी सहा ते नऊ, किंवा संध्याकाळी पाचपासून सूर्य मावळेपर्यंत. अकरा ते चार घराबाहेर पडूच नका. पाण्यात डोकं थंड राहतं म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, ते खरं नाही. विहिरीवरून परत येतानाच्या अर्ध्या तासात उष्माघात गाठतो. डोक्याला ओला दुपट्टा बांधा, निघायच्या आधी कैरीचं पन्हं किंवा मीठ-साखरेचं पाणी प्या. पोटभर जेवून जाऊ नका.

पश्चिमेला विहीर, पूर्वेला तलाव

तुम्ही विदर्भात नेमके कुठे उतरताय, यावर तुम्हाला कुठलं पाणी मिळेल हे ठरतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्ध्याचा मोठा भाग काळ्या दगडाचा, काळ्या मातीचा, कापसाचा. इथे पोहणं म्हणजे विहीर. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग धानाचा. तिथे गावागावाला तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटे तलाव. नागपूर जिल्ह्यात दोन्ही सापडतं.

पश्चिमेतही सगळीकडे सारखं नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झालाय की मे महिन्यात बऱ्याच विहिरींचा तळ दिसतो. तिथे जाऊन विहिरीचा हट्ट धरू नका, बागाईतदाराला संत्र्याची झाडं जगवायची असतात. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं पाणी डोळ्यांना झोंबतं. आणि लोणारचं सरोवर पोहण्याचं नाहीच. ते अतिशय क्षारयुक्त आहे, शिवाय अभयारण्य आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते अनेकांना आठवत असेल. त्याला वरून डोळे भरून बघा.

विचारायचं कसं

शहरातून आलेल्या माणसाला हे अवघड जातं, आणि खरं तर हेच सगळ्यात सोपं आहे. ज्यांच्या घरी उतरलात त्यांच्यापैकी एकाला सोबत घ्या आणि आदल्या संध्याकाळी विहिरीच्या मालकाकडे जा. नुसतं "काकाजी, उद्या सकाळी पोरांना घेऊन विहिरीत पोहलं तर चालेल का?" एवढं म्हटलं तरी पुरतं. मी आजवर "नाही" फार कमी ऐकलंय. बहुतेक वेळा ऐकू येतं, "चालते ना जी. मोटर बंद करून ठेवतो, मंग उतरा." कधी उत्तर येतं, "त्या इहिरीत नोका उतरू बाप्पा, आत बाभूळ पडून आहे." हे दुसरं उत्तर मिळालं तर त्या माणसाचे मनापासून आभार माना. त्याच्याशिवाय हे तुम्हाला कुणीच सांगितलं नसतं.

पैसे देऊ करू नका, गावात ते वाईट दिसतं. जाताना पोरांसोबत थोडा खाऊ न्या, आणि मालकाने चहा विचारला तर घ्या.

वाट कुठली, हेही विचारून घ्या. रानडुकरांपासून पीक वाचवायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तारा लावलेल्या असतात. झटका मशीनच्या तारेने फक्त हिसका बसतो. पण काही ठिकाणी बेकायदेशीरपणे थेट लाइनचा करंट सोडतात, आणि त्याने माणसं मेली आहेत. अंधारात किंवा पहाटे वावरातून आडवं जाऊ नका. लांब पडलं तरी पांदण रस्त्यानेच जा.

विहीर

माझ्या मते नव्या माणसासाठी चांगली बांधलेली, पायऱ्यांची, मालक हजर असलेली ओलिताची विहीर हे विदर्भातलं सगळ्यात भरवशाचं पाणी आहे. त्यात प्रवाह नसतो, गाळ कमी असतो, आणि चारही बाजूंनी धरायला दगड असतो. मात्र विहिरीत उथळ कडा नसते. उतरलात की पहिल्या क्षणापासून पाण्याचा तळ पायाखाली नाही.

उतरण्याआधी सगळ्यात मोठं काम मोटरचं. विहिरीत केबल लोंबत असते, तिचे जोड उघडे असू शकतात. नुसतं स्टार्टरचं बटण दाबून मोटर बंद केली तर भागत नाही. ग्रामीण भागात शेतीची लाइन कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. तुम्ही पाण्यात असताना ती आली तर? म्हणून मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून घ्यायचे आणि वर बसलेल्या माणसाच्या खिशात ठेवायचे. हे मालकाकडूनच करून घ्या, स्वतः पेटीत हात घालू नका. आमच्याकडे मोठे बाबा फ्यूज हातात दाखवल्याशिवाय एकाही पोराला पायरी उतरू देत नसत. ती सवय मी आजही मोडलेली नाही.

मग पाणी मोजा. दोराला दगड बांधून खाली सोडा, टेकला की ओला भाग बघा. गावात खोली परसात सांगतात. हात वर केलेल्या माणसाच्या उंचीइतकी एक परस. दोन परसांपेक्षा कमी पाणी असेल तर उडी मारायची नाही, पायऱ्यांनी उतरायचं. आणि नव्या माणसाने पाणी कितीही असलं तरी डोक्याकडून सूर मारायचा नाही. खाली फुटबॉलचा पाइप असतो, जुनं लोखंड असतं, ढासळलेले दगड असतात. (मोटरच्या पाण्यातल्या पाइपाच्या खालच्या तोंडाशी असलेल्या झडपेला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात, खेळाशी त्याचा संबंध नाही.) मुटका मारायचा असेल तर जिथून गावातली पोरं मारतात त्याच दगडावरून, आणि खाली कुणी नाही हे बघून.

वर यायची वाट दोन तरी हव्यात. पायऱ्या किंवा लोखंडी कड्या ही एक, आणि गाठी मारलेला जाड दोर ही दुसरी. दोर झाडाला किंवा काँक्रीटच्या खांबाला बांधा, मोटरच्या पाइपाला नाही. कड्या गंजलेल्या असतील तर त्यांच्यावर भरवसा टाकू नका.

मे महिन्यात वर ४५ अंश आणि खाली गार पाणी असतं. एकदम उडी घेतली तर श्वास अडकतो, पायात गोळा येतो. आधी पायरीवर बसून पाय, मग तोंड, मग छाती ओली करा. पाच मिनिटं लागतात, पण शरीराला ती हवी असतात.

विहिरीच्या कपारीत पारवे असतात आणि कधीकधी आग्या मोहोळ असतं. मोहोळ दिसलं तर ती विहीर सोडाच. पाणदिवड दिसेल, ती बिनविषारी असते. आरडाओरडा न करता तिला वाट द्या. पण सापाची ओळख तुम्हाला नसेल तर साप दिसला की वर या, हेच बरं.

दोन प्रकारच्या विहिरींत कधीच उतरू नका. पिण्याच्या पाण्याची विहीर, कारण गाव ते खपवून घेणार नाही आणि घेऊही नये. पायऱ्यांच्या विहिरींत माणसं उतरत, त्यातूनच पूर्वी नारूचा रोग पसरत असे. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला, त्यामागे अशा विहिरी बंद करण्याचं मोठं काम आहे. दुसरी म्हणजे पडीक, झाकलेली किंवा बरेच दिवस न वापरलेली विहीर. तिच्या तळाशी विषारी वायू साचतो, वास येत नाही. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात.

पोहता न येणाऱ्या लहान पोरांसाठी विहीर नकोच. त्यांना मोटरच्या धारेखाली बसवा. पाइपातून हौदात किंवा टाक्यात पडणारं जाड, गार पाणी आणि गुडघाभर खोली, यापरतं सुख मेमध्ये दुसरं नाही. तिथेही एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

शिकायचं असेल तर

पूर्वी पाठीला वाळलेला तुंबा बांधत. आता पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे वापरतात. झाकण घट्ट लावलेले दोन डबे पाण्यात सुमारे दहा किलो वजन उचलून धरतात, तेवढ्यावर मोठ्या माणसाचं डोकंही वर राहतं. डबे छातीभोवती, काखेखाली येतील असे बांधा. कमरेला बांधले तर पाय वर आणि तोंड खाली जातं. ट्यूब हातातून सुटते, शिकणाऱ्याला एकटी ट्यूब देऊ नका. आणि एका शिकणाऱ्यामागे पक्का पोहणारा एक, हा हिशेब कधी चुकवू नका. आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत रोज तासभर दिलात तर बहुतेक पोरं डबे सोडतात.

तलाव आणि बोडी

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी, म्हणजे पूर्वी जमीनदारांकडे असलेले, तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधत आणले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि माजी मालगुजारी तलावांचे झाले मामा तलाव. हे नाव ऐकलं की मला फार जवळचं वाटतं.

पण सगळे तलाव पोहण्याचे नाहीत. नवेगाव आणि घोडाझरी जंगलात आहेत, ताडोब्याच्या तलावात मगरी आहेत, पेंचचं तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे वनखात्याचे नियम चालतात, पाण्यात उतरायचं नाही. रामटेकजवळच्या खिंडसीला बोटीत बसा, जाकीट घालून. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे तर साध्या गावतलावावरही उन्हाळ्यात संध्याकाळी वाघ-अस्वल पाण्यावर येतात. तिकडे फक्त सकाळी, ऊन चढल्यावर, गावकऱ्यांसोबत.

गावतलावावर विचारायचं ढिवर बांधवांना. मासोळीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, आणि जाळी कुठे लावलीत, शिंगाडा कुठे आहे, हे ते बोटाने दाखवतात. कमळाच्या आणि शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकला की चांगला पोहणाराही घाबरतो. बेशरमाच्या झुडपांतून उतरू नका, खाली गाळ असतो. जिथे जनावरं पाण्यात जातात तो उतार बहुधा टणक असतो. पण म्हशी बसतात तिथलं पाणी घाण, त्यामुळे त्या उताराने उतरून थोडं बाजूला सरका. पाण्यावर हिरवी साय आली असेल तर परत फिरा. बायका कपडे धुतात त्या घाटावर पुरुषांनी जाऊ नये, हे कुणी सांगणार नाही, तुम्हीच समजायचं. सांडव्यापासून आणि पाळीतल्या गेटपासून लांब राहा.

नदी

चौदा वर्षांचा असताना मी वर्धा नदीत बुडत होतो. आदल्या उन्हाळ्यात त्याच जागी गुडघाभर पाणी होतं, आम्ही चेंडू खेळलो होतो. त्या वर्षी तिथून रेती उपसली होती. चार पावलं चाललो आणि पाचवं पाऊल कुठेच टेकलं नाही. पात्रात डांगरवाडी लावलेल्या एका माणसाने बांबू पुढे केला म्हणून आज लिहितोय. मी कोरडा झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "इचारून तं पायचं होतं, पोरा."

रेतीघाटाच्या आसपासची नदी दर वर्षी नवी असते. वरून पाणी संथ, एकसारखं दिसतं, आणि खाली जेसीबीने केलेला उभ्या काठाचा खड्डा असतो. त्याची कड ढासळती असते, धरायला गेलं की हातात येते. म्हणून गेल्या वर्षीची माहिती, गुगलवरचे फोटो, काही कामाचं नाही. त्या आठवड्यात पात्रात राहणाऱ्या माणसाला विचारा. टरबूज-डांगराच्या वाड्या करणारी कुटुंबं उन्हाळाभर नदीतच झोपडी करून राहतात. त्यांच्याकडून एक टरबूज विकत घ्या, आणि कुठे उतरू ते विचारा.

वैनगंगेला गोसेखुर्दला ३३ दरवाज्यांचं धरण झाल्यापासून वरची नदीही बदलली. अंभोऱ्याच्या संगमावर आता धरणाचं फुगलेलं, खोल पाणी आहे. जुन्या आठवणीवर तिथे उतरू नका. धरणाच्या खालच्या बाजूला पाणी सोडतात तेव्हा कोरडं पात्र भरतं, भोंगा ऐकू आला की सामान सोडून काठावर या. मार्कंडा, कौंडण्यपूर, पवनार अशा ठिकाणी घाटावर तांब्याने अंघोळ करणं वेगळं आणि डोहात पोहणं वेगळं. पवनारची धाम नदी खडकाळ आहे, शेवाळलेल्या दगडांवरून पाय सरकतो आणि शेजारीच खोल असतं.

इथे अजिबात नाही

शेततळं. ते सगळ्यात निरागस दिसतं आणि सगळ्यात वाईट असतं. आतून प्लास्टिकचा कागद असतो, उतार तिरका असतो, ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. मालकाने दोर टाकून ठेवला असेल तरी पोरांना त्याच्या कुंपणाआत सोडू नका.

नहर. काँक्रीटच्या कालव्याचंही तेच, वर प्रवाहाची ओढ, आणि पुढे रस्त्याखालचा सायफन. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडकडच्या कोळसा खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आणि गिट्टी खदानी, यांचं निळं पाणी फोटोत सुंदर दिसतं. कडा सुटतात, खोलीचा पत्ता नसतो.

कपडे

साडी, घेरदार सलवार, ओढणी पाण्यात पायांना गुंडाळते. मुलींनी लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट घालावा. घरच्या किंवा नात्यातल्या विहिरीवर सकाळी बायका-पोरींचीच वेळ ठरवून घेतली तर कुणालाच संकोच राहत नाही. आमच्या घरी आता पोरींची पाळी आधी असते. पोहता येणं त्यांच्यासाठीही तितकंच गरजेचं आहे, पाणी भरायला विहिरीवर त्याच जास्त जातात.

कुणी बुडताना दिसलं तर

एक माणूस कायम वर, कोरडा, फोन हातात घेऊन बसलेला हवा. विहिरीच्या तळाशी रेंज नसते. बुडणाऱ्याकडे उडी मारू नका, तो मिठी मारून दोघांनाही खाली नेतो. दोर, कासरा, बांबू, दुपट्टा, रिकामा डबा, जे हाताला येईल ते फेका. १०८ ला फोन करा, गावाचं नाव आणि वावराजवळची खूण सांगा. पांदणीच्या तोंडाशी एका माणसाला उभं करा, नाहीतर ॲम्ब्युलन्स फिरत बसते.

बाहेर काढल्यावर पाठीवर सपाट झोपवा. श्वास नसेल तर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं, मिठाच्या ढिगात ठेवणं, यात फक्त वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात जीव जातो. भोवती जमलेले लोक आग्रह करतील. तुम्ही दाब देत राहा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

निघताना

वर आल्यावर डोकी मोजा. नावाने हाका मारून मोजा, नुसत्या नजरेने नाही. कान कोरडे करा, साबणाचे तुकडे आणि प्लास्टिक उचला, दोर मालकाचा असेल तर गुंडाळून परत द्या. मग त्यांना सांगा, "काकाजी, आमी सगळे वर आलो." ते स्वतः एकदा विहिरीत डोकावतील, खिशातले फ्यूज बसवतील, आणि सकाळपासून अडलेलं पाणी पऱ्हाटीच्या सरीत सोडायला निघून जातील.